कशाची कावीळ?

ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांच्या पानावर अधूनमधून एक छोटी चौकट येते. जांभूळ जलशुद्धीकरण केंद्रात देखभाल-दुरुस्तीचं काम असल्यामुळे अमुक वारी रात्री बारापासून 24 तास पाणीपुरवठा बंद राहील. बहुतेकांना जांभूळ हे नाव एवढ्यापुरतंच ठाऊक असतं. अंबरनाथ तालुक्यातलं हे गाव. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसी इथं शुद्ध करते आणि इथून ते उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे, पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं. चौकट वाचून घरोघरी पिंपं, हंडे, बादल्या भरल्या जातात. बंद संपला की नळाला पाणी येतं. पहिलं पाणी गढूळ असतं. कुणी ते सोडून देतं, कुणी तेच भरून घेतं, आणि सगळे कामाला लागतात.

यकृत आणि स्वादुपिंड यांच्या आजारांवरची ही पुस्तिका. तिची प्रस्तावना मी पाण्यापासून सुरू करते आहे, कारण आमच्या भागात यकृताचा सर्वांत ओळखीचा आजार नळातूनच घरात शिरतो.

जलवाहिनीत पाणी दाबानं वाहत असतं तोवर तिच्या फटीतून पाणी बाहेर गळतं. पुरवठा थांबला की आतला दाब उतरतो आणि तीच फट उलटी चालू लागते. बाहेर जे काही साचलं असेल ते आत ओढलं जातं. वाहिनी गटाराला चिकटून गेली असेल तर आत येतं ते मैलापाणी. केंद्रातून निघताना पाणी चांगलं असतं, पण मधल्या मैलांची हमी केंद्राला देता येत नाही. म्हणून तर नळाच्या तोंडाशी दर लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा दंडक आहे. पाणी तुटून पुन्हा सुरू होतं तेव्हा पहिलं पाणी सोडून द्यायचं आणि पुढचे दोन-तीन दिवस पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं. ही काळजी मी प्रत्येक घराला सांगते.

अडचण अशी, की हिपॅटायटिस ए आणि ई हे मैलापाण्यातून येणारे विषाणू पोटात गेल्यावर साधारण पंधरा दिवस ते दोन महिने गप्प बसतात. डोळे पिवळे होतात तेव्हा पाणी कधी बंद होतं, गढूळ पाणी कधी आलं, हे कुणालाच आठवत नाही. मग दोष परवा खाल्लेल्या भेळेवर जातो.

1955 च्या अखेरीस दिल्लीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नाल्याचं मैलापाणी वझिराबादच्या उपसा केंद्राच्या तोंडाशी आलं. तिथल्या लोकांनी पाण्यात क्लोरीन वाढवला. पटकी, विषमज्वर आटोक्यात राहिले, पण काही आठवड्यांत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मारायला पुरेसा झालेला क्लोरीन या विषाणूला पुरला नव्हता. ती कावीळ हिपॅटायटिस ए चीच असं पुढं पंचवीसेक वर्षं मानलं गेलं. 1980 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोरशेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांच्या साथीनं जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा तो ए ही नव्हता आणि बी ही नव्हता असं दिसलं. आज त्याला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. आपल्या राज्यात 2012 मध्ये इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्यातून याच विषाणूची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ई ची कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावल्याच्या नोंदी आहेत. घरात गरोदर बाई असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट न बघता तिला रुग्णालयात न्यायचं.

आता काविळीवर गळ्यात घालतात त्या माळेविषयी. मी आठवीत असताना मला कावीळ झाली होती आणि आजीनं माझ्या गळ्यात माळ घातली होती. छोट्या ओल्या काड्यांची, गळ्याशी घट्ट बसणारी. रोज ती थोडी लांबायची. छातीवर आली तेव्हा आजी म्हणाली, कावीळ उतरली. खरंच उतरली होती! आजीचं माझ्यावर प्रेम होतं आणि ती खोटं बोलत नव्हती. पुढं शिकल्यावर कळलं, की काड्यांना सैल गाठी मारलेल्या असतात, काड्या वाळून आकसतात, गाठीतला दोरा सुटत जातो आणि माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी ती तेवढीच लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या वनस्पतीच्या रसामुळं. नाकात कडू फळाचा रस पिळल्यावर जे पिवळं पाणी वाहतं ते नाकाच्या आतलं अस्तर सोलवटल्यामुळं. यकृताकडून नाकाकडं जाणारी वाट शरीरात नाही.

तरी माळेवरचा विश्वास टिकून आहे, आणि त्याचं कारण मूर्खपणा हे नाही. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्यावर खास औषध डॉक्टरकडंही नसतं. विश्रांती, पुरेसं पाणी, पोटभर साधं अन्न आणि यकृताला त्रास देणारी औषधं टाळणं, एवढंच आम्ही करतो. म्हणजे शंभर जणांना माळ घातली तर नव्वदाहून अधिक जण बरे होतात आणि ते सगळे माळेचे साक्षीदार बनतात. उरलेल्यांची कावीळ वेगळ्या कारणाची असते. कुणाच्या पित्तनलिकेत खडा अडकलेला असतो, कुणाला क्षयाच्या गोळ्या सोसलेल्या नसतात, कुणाच्या स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ असते. त्यांचे ते तीन-चार आठवडे माळ लांबताना बघण्यात जातात. या पुस्तिकेत मला एकच गोष्ट तुमच्या हाती द्यायची आहे, आणि ती म्हणजे एक प्रश्न. कावीळ झाली असं कुणी म्हणालं की विचारायचं, कशाची?

कावीळ ही खूण आहे. तांबड्या रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. यकृत ते पाण्यात विरघळेल असं करतं, पित्तात सोडतं, पित्तनलिकेतून ते आतड्यात जातं आणि मळाला त्याचा रंग देतं. या वाटेवर तीन ठिकाणी घोटाळा होऊ शकतो. पेशीच जास्त मोडल्या तर माल वाढतो. यकृत आजारी असेल तर माल साचतो. नळी तुंबली तर माल परत फिरतो. तिन्ही वेळा डोळे पिवळेच दिसतात.

फरक ओळखायला घरातल्या माणसांनाही बरंच काही दिसतं. रुग्णाला खिडकीशी, दिवसाच्या उजेडात न्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. बल्बच्या उजेडात फसगत होते. लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद आहे का विचारा. संडासाचा रंग विचारायला लाजू नका. तो पांढुरका, मातीसारखा झाला असेल आणि अंगाला खाज सुटत असेल, तर नळी तुंबल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी सोनोग्राफी करायची. थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणं यांची जोड असेल तर तुंबलेल्या नळीत पू होत असण्याचा धोका असतो, आणि त्यात तासांचा हिशेब असतो. उलट आधी चार दिवस ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली आणि मग ताप उतरता उतरता डोळे पिवळे, ही चाल बहुधा ए किंवा ई ची.

पावसाळ्यात आणखी एक कारण डोक्यात ठेवायचं. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते दृश्य साऱ्या देशानं पाहिलं. उल्हास नदी असं पात्र सोडते तेव्हा पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदरांच्या लघवीतला हा जंतू पायाच्या जखमेतून शिरतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, लाल डोळे आणि त्यावर कावीळ. याला प्रतिजैविक आहे आणि ते लवकर दिलं तर मूत्रपिंडं वाचतात. हा रुग्ण कावीळ उतरवायला गेला तर त्याची वेळ जाते.

कुठलीही कावीळ असो, एका लक्षणाला घरातल्या सगळ्यांनी घाबरावं. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, भलतंच बोलतो, पुढं धरलेले हात पंख फडफडावेत तसे झटकतात. याचा अर्थ यकृत निकामी होत चाललं आहे आणि रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोहोचते आहे. अशा वेळी रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणी बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा जास्त खरं सांगते. बिलिरुबिन 20 असून माणूस बरा होतो, आणि 8 असून आयएनआर चढत असेल तर तो हाताबाहेर जातो. रागाच्या भरात उंदीर मारायची पेस्ट खाल्लेली मुलं दोन दिवस ठणठणीत दिसतात आणि मग यकृतानं जातात. पेस्ट खाल्ल्याचं कळलं त्याच तासाला दाखल करायचं. बरं दिसतंय म्हणून घरी ठेवायचं नाही.

पथ्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. कावीळ झाली की घरात तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, आणि आठ-आठ दिवस नुसते चणे-फुटाणे नि उसाचा रस. रस्त्यावरच्या रसात पडणारा बर्फ कुठल्या पाण्याचा असतो? ज्या पाण्यानं कावीळ दिली तेच पाणी औषध म्हणून प्यायचं, असं मी होताना पाहिलं आहे. वरणभात, भाकरी, भाजी, ताक, अंडं, जे पचेल ते खावं. फोडणीत हळद घालावी. सिरॉसिसच्या रुग्णाची डाळ-अंडी तोडणं तर घातकच, कारण त्याचे स्नायू आधीच झिजत असतात. त्यानं रात्री झोपताना काहीतरी पोटात घालावं, म्हणजे शरीर स्वतःलाच खात नाही. मीठ मात्र पोटात पाणी होत असेल तर कमी करायचं.

सिरॉसिस म्हणजे यकृताचा व्रण. वर्षानुवर्षं जखम होत राहते, भरत राहते, आणि शेवटी मऊ यकृत दगडासारखं गाठाळ होतं. यकृत दुखत नाही, कारण त्याच्या आत वेदनेचे तंतू नाहीत. सव्वा-दीड किलोचा हा अवयव अर्धाअधिक गेला तरी तक्रार करत नाही. मग एके दिवशी रक्ताची उलटी होते, किंवा पोट फुगतं आणि पाय सुजतात. दारूचं यकृत, मधुमेहाचं यकृत, हिपॅटायटिस बी आणि सी चं यकृत, सगळी याच दारापाशी येऊन पोहोचतात.

यांतला बी विषाणू लोकांमध्ये पांढरी कावीळ म्हणून ओळखला जातो आणि त्याची भीती भलत्याच ठिकाणी बाळगली जाते. सुनेचं ताट वेगळं केलं जातं. बी ताटातून पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून, एकाच वस्तऱ्यानं केलेल्या दाढीतून, जत्रेतल्या गोंदणाच्या सुईतून आणि आईकडून बाळाकडं जातो. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस दिली तर ही शेवटची वाट बहुतांशी बंद होते. सी ला लस नाही, पण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो 95 टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या अंगातून कायमचा जातो. माझ्या शिक्षणाच्या काळात हे स्वप्न वाटलं असतं. 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यात दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवलं आहे, ज्यांच्या घरात कुणाला सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग झाला आहे, त्यांनी एकदा बी आणि सी ची तपासणी करून घ्यावी.

फॅटी लिव्हरविषयी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. भारतातल्या प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या यकृतात जादा चरबी आहे. बदलापूरहून मुंबईला जाऊन-येऊन रोज तीन तास गाडीत आणि आठ तास खुर्चीत घालवणारा माणूस जाडा नसला तरी त्याचं पोट सुटलेलं असतं, आणि यकृतातली चरबी त्या पोटाबरोबर चालते. सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड वन' वाचून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. महत्त्वाचं आहे ते व्रण पडायला लागला आहे का. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर एक साधा हिशेब मांडतात. तो 1.3 च्या खाली आला तर बहुधा निर्धास्त, वर गेला तर पुढची तपासणी. औषध आहे वजन. शंभर किलोच्या माणसानं सात ते दहा किलो उतरवले तर यकृताची सूज ओसरते. लिव्हर साफ करणाऱ्या पावडरी आणि काढे यांच्यावर पैसे घालवू नका. त्यांतल्या काहींनीच यकृत खराब झालेले रुग्ण येतात.

आता स्वादुपिंड. यकृत निदान पिवळं होऊन तरी सांगतं, स्वादुपिंड जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला टेकून लपलेलं असतं. वीतभर लांबीच्या या ग्रंथीला दोन कामं आहेत. अन्न पचवणारे रस आतड्यात सोडायचे आणि इन्सुलिन रक्तात सोडायचं. ते पाचक रस आतड्यात पोहोचण्याआधीच जागे झाले तर ते स्वादुपिंडालाच पचवू लागतात. हाच पॅन्क्रिएटायटिस. दुखणं वरच्या पोटात मधोमध सुरू होतं, थेट पाठीत घुसतं, उताणं झोपवत नाही, पुढं वाकून बसलं की जरा सोसतं. सोबत उलट्या. आपल्याकडं याला पित्त किंवा गॅस म्हणतात, सोडा पाजतात, आणि पहाट होते. रक्तातलं लायपेज हे पाचक द्रव्य नेहमीच्या तिपटीवर गेलं तर निदान पक्कं.

याची मुख्य कारणं दोन, पित्ताशयातला खडा आणि दारू. दहापैकी आठ रुग्णांचा झटका सौम्य असतो आणि आठवड्याभरात ते घरी जातात. पहिल्या दिवशी शिरेतून योग्य मापानं पाणी, वेदना थांबवणारं औषध, आणि उलट्या थांबताच तोंडानं अन्न, हा आजचा उपचार. पूर्वी आठवडा-आठवडा उपाशी ठेवत, ते आता चुकीचं ठरलं आहे. खड्यामुळं झटका आला असेल तर सौम्य झटक्यात पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घ्यावं. पुढच्या महिन्यात बघू म्हणून घरी गेलेला रुग्ण दुसऱ्या, कदाचित जबर झटक्यानं परत येतो. दारूमुळं आला असेल तर एक थेंबही पुन्हा नाही. हे सांगून भागत नाही, व्यसनमुक्तीची मदत उपचाराचाच भाग म्हणून मागून घ्यावी लागते.

जुनाट आजारात ग्रंथी सुकत जाते. संडास तेलकट होतो, पाण्यावर तरंगतो, भांड्याला चिकटतो. माणूस खाऊनही वाळतो. यावर एन्झाइमच्या कॅप्सूल आहेत, पण त्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर तासाभरानं घेतल्या तर वाया जातात. इन्सुलिनही कमी पडू लागतं. इथं आमच्या जांभळाचा विषय येतो. बदलापूरची जांभळं नावाजलेली, आणि बियांची पूड साखरेवर घेण्याची चाल घराघरांत आहे. फळ आनंदानं खावं. पण ज्या स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत तिथं पूड त्या पेशी आणून देत नाही, आणि पुडीच्या भरवशावर इन्सुलिन थांबवलेला रुग्ण बेशुद्धावस्थेत येतो.

आणि गाठीची खूण. पन्नाशीनंतर घराण्यात नसताना अचानक मधुमेह निघाला आणि वजन उतरू लागलं, किंवा काहीच न दुखता कावीळ चढत गेली, तर पोटाचा सीटी स्कॅन मागून घ्या. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिका दाबते, म्हणून ती कधीकधी वेळेत पिवळेपणातून दिसते. शस्त्रक्रिया मोठी आहे, पण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या, ती नेहमी करणाऱ्या ठिकाणी ती सुरक्षितपणे होते. ज्या ठिकाणी अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात तिथंच करून घ्यावी, एवढा आग्रह रुग्णानं धरावा.

पुढची पानं डॉक्टरांसाठी लिहिलेली नाहीत. आमच्या भागातला रुग्ण आधी गल्लीतल्या दवाखान्यात, मग उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, आणि तिथून केईएम किंवा सायनला लोकलनं जातो. या प्रवासात त्याच्या हातातले कागद हरवतात आणि प्रत्येक ठिकाणी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून शेवटी दोन कोरी पानं सोडली आहेत. डोळे पिवळे दिसल्याची तारीख, लघवी आणि संडासाचा रंग, ताप, दुखण्याची जागा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि मुळ्या, दारूचं खरं माप, आणि बिलिरुबिन-आयएनआरचे आकडे तारखेसह तिथं लिहा. काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका, रागावले तरी सांगा.

ज्यांच्या घरी आज माळ आणलेली असेल त्यांना मी ती फेकून द्या म्हणणार नाही. आजीच्या समाधानासाठी ती गळ्यात राहू दे. पण रक्ताचा नमुना आणि सोनोग्राफी त्याच दिवशी होऊ द्या, आणि कावीळ कशाची आहे ते त्या पानावर लिहून ठेवा.